हात धरणारी माणसं

भाद्रपद लागला आणि गल्लीतल्या बायकांनी सीताबाईजवळ बसायच्या पाळ्या लावून घेतल्या. सकाळी समोरची धोंडुबाई, दुपारी दुकानवाल्याची सून, उन्हं कलली की जी रिकामी असेल ती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उचगावातल्या त्या गल्लीत कुणाचं काही अडलं की सगळ्याच धावत सुटायच्या. सीताबाईला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दोन वर्षं तिची नजर आटत आली होती. आधी कडेचं दिसेनासं झालं. चुलीपुढं बसली की बाजूचा तांब्या पायाला लागून कलंडायचा. मग समोरचंही धुरकटत गेलं. तिचा नवरा तात्यासो तिला कोल्हापुरात डॉक्टरकडं घेऊन गेला तेव्हा उशीर झाला होता. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. सीताबाईनं ते ऐकलं, येताना एसटीत पदर तोंडाला लावून रडली, आणि घरात शिरल्यावर चूल पेटवायला बसली. तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. गल्लीच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला.

कुणी मध आणला, कुणी शेळीचं दूध. शेवग्याच्या पाल्याचा रस डोळ्यात घालून एकीनं तिला दिवसभर आग आग करायला लावलं. "पडदा आलाय नुसता, पडदा सरला की लख्ख दिसतंय बघा," असं जो तो येऊन सांगे. ती काचबिंदू म्हणाली की ऐकणारा तिची कीव करी.

धोंडुबाई यायची ती बोलतच यायची.

"राजमती, आक्कांनी च्या घेतला का गं?"

राजमती ही सीताबाईची सून. ती चुलीपुढून म्हणायची, "न्हाय अजून."

"साखरेचा पित्यात का गुळाचा?"

सीताबाई दोघींच्या मधेच बसलेली असायची. "मला इचार की गं. जीभ हाय मला."

"हाय की आक्का, कोन न्हाय म्हनतंय?" असं म्हणून धोंडुबाई पुन्हा राजमतीलाच विचारायची, "मग गुळाचाच आन की."

कपबशी हातात द्यायची सोडून ती बशी सरळ सीताबाईच्या ओठाला लावायची. ओठ भाजायचे. चहा हनुवटीवरून गळ्यात उतरायचा, आणि मग धोंडुबाईच आपल्या पदरानं तिचं तोंड पुसायची, लहान पोराचं पुसावं तसं दाबून. परसाकडं जायचं म्हटलं तर दोघी दोन बाजूंनी दंड धरायच्या आणि तिला उचलल्यासारखी न्यायच्या. तिची पावलं त्यांच्या पावलात अडकायची. ती अडखळली की दोघी म्हणायच्या, "बघा, धरलं नसतं तर पडलाच असता."

त्यातून बायका जेवण घेऊन यायच्या ते दिवेलागण झाल्यावर. जैनाचं घर. दिवस बुडाल्यावर सीताबाई अन्नाला शिवत नव्हती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी ताटं यायची. "खावा हो आक्का, आता तुमाला काय दिस आन काय रात," असं एकीनं म्हटलं, तेव्हा सीताबाईनं ताट हातानं लांब सारलं. आक्कांचा स्वभाव डोळ्यांमुळं चिडका झालाय, अशी गल्लीत बोलवा झाली.

हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते गोठ्यातलं.

घराच्या मागं परसात छपराचा गोठा होता. त्यात चंद्री नावाची म्हैस होती. लांब, खांद्यामागं गेलेल्या शिंगांची आणि तापट. रेडकू असल्यापासून ती सीताबाईच्या हाताखाली वाढलेली. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हा सोडत नव्हती. घरातलं तेलमीठ तिच्या दुधावर चालायचं. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घातलं की घर हलायचं. तात्यासोच्या वाट्याला होता तो ऊस जेमतेम होता आणि मुलगा भूपाल शहरात फाउंड्रीत पाळीला जायचा.

नजर पार गेली तरी सीताबाई धार काढत होती. धारेला डोळे लागतच नव्हते. म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून बसलं की कास हाताखाली यायची. पण श्रावणात धोंडुबाईनं तिला चरवी घेऊन गोठ्याकडं जाताना बघितलं आणि तात्यासोला गाठलं.

"आवं तात्या, लाज हाय का न्हाय? आंधळ्या बाईला म्हशीखाली बसवताय?"

तात्यासो भिडस्त माणूस. जैन बस्तीत दर्शनाला गेला तरी कोपऱ्यात उभा राहायचा. चार माणसांत कुणी काही म्हटलं की त्याला ते रात्रंदिवस टोचत राही. त्यानं त्याच दिवशी सीताबाईच्या हातातली चरवी काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे आता. राजमती काढंल."

"तिला न्हाय द्यायची चंद्री."

"दील की. न द्यायला काय झालं?"

चंद्रीनं दिली नाही. रोज सकाळी सीताबाई घरात पटकुरावर बसून ऐकायची. आधी राजमतीचं चुचकारणं. मग रेडकाचं ढुसण्या देणं. मग चरवीत पडलेल्या दोन-चार बारक्या धारा, पाण्यासारख्या. मग खुराचा आवाज, चरवीचा आवाज, राजमतीची किंकाळी. एकदा लाथ मांडीवर बसली आणि पोरगी लंगडतच घरात आली. तिची मांडी काळीनिळी पडली होती. सीताबाईनं तेल गरम करून घेतलं आणि हातानं चाचपत चोळलं.

"आत्याबाई, मला न्हाय जमायचं," राजमती रडत म्हणाली.

"तुझं काय चुकत न्हाय. तू भितीस, ती तिला कळतंय."

"मग तुमीच बसा की."

"मी बसायला तयार हाय गं. मला बसू दितंय कोन?"

दाराशी पाळीला बसलेली बाई म्हणाली, "आवं आक्का, आता इसावा घ्या. लई केलंसा."

गणपतीत तर कडेलोट झाला. तरुण मंडळाचा जोतीराम घरी येऊन तात्यासोला सांगून गेला की मंडळानं या साली समाजकार्य करायचं ठरवलंय, आक्कांचा सत्कार करायचा आणि त्यांना काठी भेट द्यायची. तात्यासोच्यानं नाही म्हणवलं नाही. संध्याकाळी चौघांनी धरून सीताबाईला मांडवात नेलं. ती चालत होती का तरंगत होती तिचं तिला कळत नव्हतं. कर्ण्यातनं आवाज आला, "आपल्या गावच्या अंध भगिनी सीताबाई यांना आपन आधार दिऊया!" टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि काठी आली ती उलटी, टोक वर करून.

"आक्का, हिकडं बघा, फोटू काढायचाय," जोतीराम म्हणाला.

"कुठं बघू रं बाबा?"

मांडवात हशा पिकला. कुणीतरी तिची हनुवटी धरून मान फिरवली. घरी आल्यावर तिनं शाल काढून टाकली आणि तात्यासोला म्हणाली, "मला एकदा इचारायचं तरी. मी काय गावाची म्हस हाय, कुनीबी शिंगं धरून फिरवायला?"

तात्यासो म्हणाला, "पोरं चांगल्या मनानं करत्यात गं."

"त्येच तर वंगाळ हाय. शिवी दिली असती तर शिवी तरी घालता आली असती."

दसरा जवळ आला तसं दूध पार तळाला गेलं. चंद्री कास दाबून धरायची, दूध अंगात मुरवायची. कास दगडासारखी टणक झाली होती. त्यातून कासेचा दगडी रोग झाला असता तर सड बसला असता आणि म्हैस कायमची गेली असती. हे सीताबाईला घरात बसून कळत होतं, कारण चंद्रीचं हंबरणं बदललं होतं. एका पहाटे तिला ते ऐकवेना. राजमती पाणी तापवत होती, धोंडुबाई अजून यायची होती. सीताबाई उठली, भिंतीला हात लावत मागच्या दारातनं बाहेर पडली आणि गोठ्याकडं निघाली. ती वाट तिच्या पायांना पाठ होती.

पण आदल्या दिवशी धोंडुबाईनं आक्कांना मदत म्हणून परस झाडून घेतला होता. भिंतीकडेचं दगडी डोणं तिनं पोरांकडून ढकलून वाटेत घेतलं होतं, तिथं पाणी भरायला बरं पडतं म्हणून. सीताबाईची नडगी डोण्यावर आदळली आणि ती तोंडावर शेणात पडली.

गल्ली गोळा झाली. नडगी फुटून रक्त वाहत होतं, शेण डोळ्यात आणि तोंडात गेलं होतं, आणि तिला उठवायला इतके हात आले की ती दोनदा पुन्हा खाली पडली.

"तरी मी म्हनत व्हते," धोंडुबाई ओरडत होती. "घडीभर नजर काढायची सोय न्हाय."

"ते डोणं कुनी हलीवलं?" सीताबाईनं विचारलं. कुणी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून तात्यासो शेतावर जाताना मागच्या दाराला बाहेरून कडी घालायला लागला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानवाल्याची सून सोबतीला बसलेली असताना तिच्या तोंडून निघून गेलं, "आता म्हस गेली म्हंजे तुमालाबी घोर न्हाय ऱ्हायचा, आक्का."

"कुठं गेली म्हंजे?"

"तात्या इकत्यात न्हवं? कागलचं गिऱ्हाईक यायचंय म्हनं."

संध्याकाळी तात्यासो आला तरी ती बोलली नाही. दिवस बुडायच्या आत जेवणाचं ताट आलं त्यालाही तिनं हात लावला नाही. नवऱ्याशी भांडायचं तर त्याचं तोंड दिसायला हवं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

शेजारची ताजबी दुसऱ्या दिवशी गावात परतली. गाद्या भरणाऱ्या फक्रुद्दीनची ही बायको, लेकीच्या बाळंतपणाला पेठ वडगावला जाऊन राहिली होती. परसातनं हाक मारत ती मागच्या दाराशी आली आणि कडी बघून थबकली.

"सीताक्का? घरात हायस का न्हाय?"

"हाय," आतून आवाज आला. "कोंडून घातलीया."

ताजबीनं कडी काढली. आत येऊन तिनं सीताबाईकडं बघितलं. नडगीला बांधलेलं फडकं, विस्कटलेले केस, मुठी आवळलेल्या. शेजारी धोंडुबाई लसूण सोलत बसली होती.

"कडी कुनी घातली?" ताजबीनं विचारलं.

"तिच्याच भल्यासाठी हाय," धोंडुबाई म्हणाली. "परवा कशी पडली बघायला तू न्हवतीस."

"माझी सासू मरस्तवर आंधळी व्हती. पंधरा मानसांच्या भाकरी करायची. तिला कुनी कोंडली न्हवती. तिनं आमाला कोंडलं आसतं." ताजबी सीताबाईपुढं बसली. "तुला काय पायजे सांग."

हा प्रश्न इतक्या दिवसांत तिला कुणी विचारला नव्हता.

"मला गोठ्यात जायचंय."

"मग जायाचं."

"धरून?"

"मी कशाला धरू? मला काम न्हाय व्हय? माझं कोपर धर तू पायजे तर. पुढं मी, मागनं तू. आन तूबी सीताक्का, एवढे दिस गप बसलीस कशी गं? गल्लीला दनानून सोडणारी बाई तू."

"काय बोलू? सगळ्या चांगल्या मनानं करत्यात."

"त्येंच्या मनाचं तू काय लोनचं घालतीस?"

धोंडुबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. "म्हंजे आमी इतके दिस खपलो ते वाया? घरची कामं टाकून आलो आमी."

"वाया कोन म्हनतंय?" ताजबी म्हणाली. "पर तू आलीस, बसलीस आन हितल्या वस्तू तिथं केल्यास. डोणं कुनी हलीवलं?"

धोंडुबाईचा चेहरा उतरला. मग ती उठून पदर झटकत म्हणाली, "मी हलीवलं. पानी भरायला सोपं म्हनून हलीवलं. मला काय ठावं ती तिथनं जायाची?" आणि रडत, पाय आपटत निघून गेली.

ताजबीनं दोन पोरींना हाक मारून डोणं पहिल्या जागी ढकलून घेतलं. मागच्या दाराच्या चौकटीपासून गोठ्याच्या मेढीच्या खांबापर्यंत तिनं जाड नाड्याचा दोर ताणून बांधला. सीताबाई दोराला हात लावून गेली, आली, परत गेली. चंद्रीनं तिचा वास घेतला आणि तिच्या दंडावर खरखरीत जीभ फिरवली. सीताबाईनं तिच्या कासेला हात लावला. कास गरम होती.

"दुखतंय व्हय गं बाई," ती म्हणाली, आणि कोमट पाण्यानं शेकत, थोडं थोडं पिळत तिनं कास मोकळी केली. ते दूध नासकं होतं, तिनं ते ओतून टाकलं. ताजबी मेढीला टेकून उभी होती. "मला गाद्या शिवायच्यात," असं ती तीनदा म्हणाली, पण गेली नाही.

तात्यासोनं तो दोर बघितला, पण सोडला नाही आणि कडीही पुन्हा घातली नाही. दोनच दिवसांत कागलचं गिऱ्हाईक आलं. गुंडू नावाचा उंच, बोलघेवडा माणूस. बरोबर त्याची बहीण होती. तात्यासोनं त्यांना परसात खाटेवर बसवलं. म्हैस सोडून दाखवली, दात दाखवले, शिंगं दाखवली.

"बाकी झ्याक हाय," गुंडू म्हणाला. "आता धार काढून दाखवा."

तात्यासोनं राजमतीकडं बघितलं. राजमतीनं मान खाली घातली. परसाच्या कुडाशी गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. धोंडुबाईही मागं होती, तोंड फुगवून.

"सूनबाई, बस की," तात्यासो म्हणाला.

"मी न्हाय बसायची, मामंजी. मांडी अजून ठणकतीया."

"मग इकत कसं घ्यायचं वो पावणं?" गुंडूचा आवाज चढला. "दूध न बघता म्हस न्हेत्यात व्हय?"

तात्यासो घामाघूम झाला. शेवटी तो मागच्या दाराशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आगं, येतीस का?"

"कशाला?"

"धार काढायला. पावण्याला दाखवायचीया."

सीताबाई चौकटीला धरून उभी होती. तिच्या मनात आलं की म्हणावं, तू काढ. किंवा गोठ्यात जाऊन नुसतं बसावं, दोन धारा काढाव्यात आणि उठावं. गिऱ्हाईक आपोआप परत जाईल. पण चंद्रीला दुधाला हलकी म्हैस म्हणून नाव पडेल, ते तिला नको होतं. ती दोराला हात लावत गेली. कुणी धरायला पुढं सरकलं तर ताजबीनं त्याला हातानं मागं सारलं.

ती म्हशीपाशी उकिडवी बसली. चरवी गुडघ्यात धरली, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं. राजमतीनं रेडकू सोडलं, ढुसण्या देऊ दिल्या आणि ओढून घेतलं. चंद्रीनं एक लांब श्वास सोडला. आणि चरवीत धारा पडायला लागल्या, दोन्ही हातांच्या, आळीपाळीनं, आधी पातळ आवाजात आणि मग जाड, फेसाच्या आवाजात. चरवी काठोकाठ भरली. सीताबाईनं बोटानं फेसाची पातळी बघितली आणि दुसरं भांडं मागितलं.

गुंडूनं मांडीवर थाप मारली. "वा! ताई, तू बस आता. बघू तुला किती दीती."

गुंडूची बहीण बसली. चंद्रीनं कान मागं टाकले. सडाला हात लागताच तिनं लाथ झाडली. बहीण मागं उताणी झाली, साडी शेणात माखली. दुसऱ्यांदा बसली तर दुधाचा थेंब नाही.

गुंडू कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हंजे ही म्हस ह्या बाईची हाय म्हना की. वो तात्या, ह्या बाई आसताना सून लाथा का खातीया?"

"तिला दिसत न्हाय," तात्यासो म्हणाला.

"कुनाला?"

"हिला. माझ्या मंडळीला."

गुंडूनं सीताबाईकडं निरखून बघितलं. ती चरवीवर फडकं टाकत होती. "मग आत्ता काय दिसलं म्हनून काढली?" तो वैतागला. "कागलास्नं सकाळपास्नं उपाशी आलोय आमी. बहिनीची नवी साडी गेली. तुमच्या घरात आदी ठरवा की, म्हस इकायचीया का न्हाय!"

"न्हाय इकायची," राजमती म्हणाली. सासऱ्यापुढं ती आजवर एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. "आत्याबाई काढत्यात. मी वैरनपानी बघते, रेडकू धरते. म्हस ऱ्हाऊ द्या, मामंजी."

तात्यासो एकदम भडकला. सगळ्या दिवसांचं त्याचं एकदम वर आलं. "आन उद्या लाथ बसून मेली तर? गाव काय म्हनंल? आंधळ्या बायकूला राबवून खातो म्हनंल! तुमाला काय, ऐकायचं मला हाय!"

"गाव म्हंजे आमीच की, हितं उभ्या," ताजबी म्हणाली. "कोन म्हनतंय तसं? म्हना, आत्ता म्हना."

मग धोंडुबाई पुढं आली. तिचे डोळे लाल होते.

"मी म्हनत व्हते," ती म्हणाली. "मीच पैल्यांदा म्हनले. आता न्हाय म्हनत. पर आक्का, पडलीस की मी यीन बघ धावत. मला न्हाय ऱ्हावायचं."

"ये," सीताबाई म्हणाली. "पर चौघीजनी मिळून उचलू नका. मला माझ्या पायावर उठू द्या."

गुंडूला आणि त्याच्या बहिणीला जेवू घालून पाठवलं. जाताना तो तात्यासोला एवढंच म्हणाला, "पुन्यांदा गिऱ्हाईक बोलवायच्या आदी बायकूला इचारत जावा." तात्यासोनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सीताबाई गोठ्यात बसली तेव्हा दाराशी कुणाचे तरी पाय वाजले आणि तिथंच थांबले.

"कोन?"

"मीच," तात्यासो म्हणाला.

"राजमती कुठाय?"

"झोपू दे म्हटलं तिला. पाय दुखतोय तिचा."

"मग उभं का ऱ्हायलाय? रेडकू धरा."

त्यानं रेडकाचं दावं हातात घेतलं. हे काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. रेडकानं हिसडा दिला तसा तो म्हशीच्या अंगावर ढकलला गेला. चंद्री बुजली आणि अर्धी धार मातीत गेली.

"आवं धरा की नीट!" सीताबाई खेकसली. "मी सोडा म्हनल्यावर सोडायचं. आदी न्हाय."

"बरं," तात्यासो म्हणाला, आणि दावं मनगटाला गुंडाळून तिच्या हुकमाची वाट बघत उभा राहिला.